उल्काधरचा चाळिसावा अंक

४ फेब्रुवारी

खारूताई,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. कामाचं लिहिते.

तुझ्या काकांचं कॉमिक्सचं कपाट आता हलवायला हवं. दुकानात इस्त्री झालेले कपडे टांगायला जागा उरलेली नाही. गिऱ्हाइकांच्या पँटी मी खुर्चीच्या पाठीवर ठेवते, तर काल एक जण स्वतःच्याच पँटीवर बसला आणि वर मलाच म्हणाला, इस्त्री नीट झाली नाही.

कपाटात उल्काधरचे एकोणचाळीस अंक आहेत, एकेक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ही सवत माझ्या डोक्याशी उभी आहे. हिरव्या कपड्यातला एक माणूस हातात जळतं ढेकूळ घेऊन आभाळात उभा. एवढं आभाळभर फिरतो, पण अंगावरच्या कपड्याला सुरकुती नाही. त्याचं तेवढं एकच मला आवडतं.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू ‘हं, हं’ करत दुसरंच काहीतरी करत असतेस, आणि माझ्या एका हातात इस्त्री असते. शिवाय फोनवर मला धड भांडता येत नाही.

मी बरी आहे. तुझे काका गेले त्याला तीन महिने होतील. तुझी आत्या अजून भेटेल त्याला सांगत असते की हिनं आधी इस्त्री उचलली आणि मग खाली पडलेल्या नवऱ्याकडे बघितलं. खोटं नाही ते. टेबलावर इस्त्रीखाली गिऱ्हाइकाचा शर्ट होता. असो.

येऊन अंक घेऊन जा. नाहीतर शाळेच्या ग्रंथालयाला देऊन टाकीन.

तुझी,
काकू

११ फेब्रुवारी

काकू,

ग्रंथालयाला? काहीही करू नकोस. ते अंक माझे आहेत! मी दहा वर्षांची असताना, तुमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर शेंगा खात वाचत पडलेली असायचे, तेव्हा काका मला म्हणाला होता, “माझ्यानंतर हे सगळं तुझं.” तुला तेव्हा फक्त जिन्यावर पडलेली टरफलं दिसायची आणि तू मला खारूताई म्हणायचीस. पण मी ते वाक्य आजवर जपलंय.

मी आत्ता निघाले असते. पण आमच्या दातांच्या लॅबमधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि तिच्या वाटच्या कवळ्याही माझ्याच गळ्यात आहेत. दिवसभर मेणात दात बसवत असते. मे महिन्याआधी सुटका नाही.

तू वाचलं नाहीस म्हणून थोडक्यात सांगते. उल्काधर हे एका माणसाचं नाव नाही, ते पद आहे. एका दीपगृहाच्या राखणदाराला आभाळातून पडलेला, कधीही न विझणारा उल्केचा तुकडा सापडतो आणि तो पहिला उल्काधर होतो. थकल्यावर तो तुकडा पुतण्याला देतो, तो दुसरा. एकोणचाळिसाव्या अंकाच्या शेवटी हा दुसरा आपल्या यानात जखमी होऊन पडलाय. तिसरं कोण, ते चाळिसाव्या अंकात कळणार होतं. पण तो निघाला आणि छापखाना बंद पडला. मोजक्याच प्रती बाहेर गेल्या म्हणतात. कुणी म्हणतं, तेवढ्याही नाहीत. काकाने जन्मभर तो शोधला. माझं मत पक्कं आहे, तिसरी उल्काधर त्याची शिष्याच. तिला त्याने पोरवयापासून तयार केलंय.

आता नीट ऐक. अंक पिशव्यांतून काढू नकोस. ओल्या हाताने शिवू नकोस. उन्हात ठेवू नकोस. फक्त कपाट बंद ठेव आणि माझी वाट बघ.

तुझीच,
खारूताई

२० फेब्रुवारी

खारूताई,

तुझं पत्र आज मिळालं. जरा उशीरच झाला म्हणायचा.

मी म्हटलं, पोरीला द्यायचे तर असे चुरगळलेले कशाला? बारा-पंधरा अंकांचे कोपरे दुमडलेले, काहींच्या पाठी वाकलेल्या, एकाची पानं तर पार लाटांसारखी झालेली. म्हणून रविवारी दुकान बंद ठेवून मी सगळ्यांना इस्त्री केली.

घाबरू नकोस. रेशमाची करते तशी केली. खाली घोंगडी, वर मलमल, इस्त्री अगदी कोमट, आणि झाल्यावर रात्रभर गादीखाली. असे कडक झालेत म्हणून सांगू! नव्यासारखे. काकांनी बघितलं असतं तर वेडे झाले असते.

फक्त सतरा नंबरच्या मुखपृष्ठाचा थोडा रंग मलमलीला लागला. त्या हिरव्याचं नाक जरासं पुसट झालंय. पण ते नाक तसंही मोठंच होतं.

काकू

२५ फेब्रुवारी

काकू,

तू कॉमिक्सना इस्त्री केलीस.

पत्र तीनदा वाचलं, तरी त्यात तेच लिहिलेलं आहे. तुला काही कल्पना आहे का? लोक हे अंक हातमोजे घालून उघडतात. आणि काका वेडा झाला असता यात शंकाच नाही. सतरा नंबरचं ते मुखपृष्ठ त्याचं सगळ्यात आवडतं होतं. त्याची एवढी एकच वस्तू मी मागितली होती आणि ती तुला चार दिवस नुसती सांभाळता आली नाही. आता मी येईपर्यंत हात लावू नकोस. कशालाच.

३० मार्च

काकू,

महिना उलटून गेला, तुझं पत्र नाही. फोन केला तर ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणून ठेवून देतेस.

मी चुकले. डोकं फिरलं होतं, तोंडाला येईल ते लिहिलं. ‘त्याची एवढी एकच वस्तू’ हे तर तुला लिहायलाच नको होतं. तुझ्याकडे त्याची कुठली वस्तू राहिली, इस्त्रीशिवाय?

आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, वाकलेले अंक दाबून सरळ करणारे लोक असतात, अगदीच वेडेपणा नाही तो. सतरा नंबरचं ऐकल्यावर मात्र त्याने कपाळावर हात मारून घेतला.

आणि एक गंमत. बोलताना त्याच्या तोंडातून सहज निघून गेलं की चाळिसावा अंक त्याने एकदा बघितलाय. पुढे विचारलं तर पुस्तकं झटकायला लागला. म्हणजे त्याच्याकडेच आहे! मी आता पिच्छा सोडणार नाही.

रागावली असशील तर तसं लिही. पण लिही.

खारूताई

६ एप्रिल

खारूताई,

रागावले होते, दोन दिवस. नंतर वेळ नव्हता. मी वाचत होते.

त्याचं असं झालं. तू लिहिलंस, कशालाच हात लावू नकोस. मला कुणी असं सांगितलं की माझा हात आधी तिकडेच जातो. पहिला अंक उघडला तो पुसट नाकाच्या शरमेने, म्हटलं, बघू तरी कशासाठी एवढं रामायण चाललंय. आता चोविसावा चालू आहे. काल एका शर्टाची कॉलर करपता करपता वाचली.

पहिला उल्काधर मला पटला. दिवा लावून बसणारा, कमी बोलणारा. दुसऱ्याला नुसती घाई. तुझ्या शिष्येबद्दल काय बोलू? चांगली आहे, पण दर वेळी डोंगरावर उभी राहून वाऱ्यावर केस उडवत असते. ते केस विंचरते कधी? त्या सगळ्या यानात कामाचं माणूस एकच, भट्टीवाली. यानाची भट्टी सांभाळणारी ती जाड बाई ग, फरशीवर राख सांडली म्हणून उल्काधरला झापते ती. तिच्या वाट्याला चित्रं कमी आणि बोलणं त्याहून कमी, पण ती एक दिवस भट्टी सोडून गेली तर यान जाग्यावरून हलणार नाही. हे लिहिणाऱ्याला कळलंय की नाही कोण जाणे.

आणि हो, मे महिन्यात येऊ नकोस. दुकानाला रंग देणार आहे. सगळीकडे पसारा असेल, तुला झोपायला जागा नाही. पावसाळ्यानंतर बघू.

जेवत जा वेळेवर.

काकू

२ मे

काकू,

आत्याचा फोन आला होता. तुझ्या दुकानाला कसलाही रंग चाललेला नाही. तोच जुना पिवळा आहे आणि त्यावर तेच जुने डाग आहेत.

आत्या असंही म्हणाली की एक चष्मेवाला माणूस दर आठवड्याला दुकानात येऊन बसतो आणि काकाचे अंक चाळतो. तुला माहीत नसेल म्हणून सांगते, असे लोक घरोघर हिंडत असतात. गोड बोलतात, ‘काकू काकू’ करतात आणि एकेक अंक पळवतात. तू विकायचं ठरवलं असशील तर मला तोंडावर सांग. दुकान एकटीने चालवणं सोपं नाही, मी समजून घेईन. पण रंगाचं निमित्त कशाला करायचं?

मी एवढी वर्षं स्वतःला त्या अंकांची वारस समजत आलेय. ते जाणार असतील तर मला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

खारूताई

९ मे

खारूताई,

रंगाचं खोटं बोलले. चोरी पकडलीस. तुझ्या आत्याचे डोळे अजून चांगले आहेत म्हणायचे.

चष्मेवाला माणूस बस चालवतो. त्याच्या गणवेशाला इस्त्री होईपर्यंत तो बाकावर बसून एक अंक वाचतो, मी हात धुवायला लावल्यावर. सध्या अकराव्यावर आहे. पुढचं काही सांगू नका म्हणून कानांवर हात ठेवतो. त्याच्यावर संशय घेऊ नकोस, बिचारा पान उलटतानासुद्धा श्वास रोखून धरतो.

विकायचं माझ्या मनातही आलेलं नाही. खरं ते सांगते, मला अंक द्यायचे नाहीत. तुला पण नाही. वाईट वाटेल तुला, मला लिहितानाही वाटतंय. पण का, ते ऐक.

बारावा अंक आठवतो? पहिला उल्काधर पुतण्याच्या हाती तो तुकडा देतो. तुकडा दगडी मुठीत बसवलेला असतो. म्हातारा मूठ पुतण्याकडे वळवतो, मग डावा हात आपल्या उजव्या खांद्यावर ठेवतो आणि एक पाऊल मागे सरतो. तुम्हा वाचणाऱ्यांना ते तोंडपाठ असणार.

अग, तुझे काका रोज दुपारी जेवायला जाताना इस्त्री माझ्या हातात देत. मूठ माझ्याकडे वळवून. मग डावा हात उजव्या खांद्यावर, आणि एक पाऊल मागे. रोज. लग्नानंतर दुकानात उभी राहायला लागले तेव्हापासून. तू दुपारी पोटमाळ्यावर झोपलेली असायचीस, म्हणून तू कधी बघितलं नाहीस.

मला वाटायचं, सकाळभर इस्त्री फिरवून यांचा खांदा भरून येतो. मी इतकी वर्षं त्या खांद्याला रोज रात्री तेल चोळलं. दोन वेळा डॉक्टरकडे पाठवलं. आणि हा माणूस डोळे मिटून चोळून घ्यायचा! एकदा तरी म्हणावं, अग, खांदा दुखत नाही माझा.

बारावा अंक मी मार्चमध्ये वाचला. हसले, मग खूप रडले, मग पुन्हा हसले. सवत सवत म्हणत होते आणि त्यातच मी होते. आता ते कपाट मला दुकानातून हलवायचं नाही. गिऱ्हाइकांच्या पँटींसाठी दोरी बांधली आहे.

त्यांनी तुला शब्द दिला होता, मान्य. माझ्यावर रागव. पण मला थोडी वर्षं दे.

काकू

१४ जून

काकू,

उत्तराला उशीर झाला. आधी दोन आठवडे मी फुगून बसले होते, हे कबूल. तुझी खांद्याची गोष्ट वाचून रडूही आलं आणि अंगाचा तिळपापडही झाला. मनात म्हटलं, ठीक आहे, ठेव तू एकोणचाळीस. चाळिसावा मी मिळवते आणि तो तुला दाखवतसुद्धा नाही!

पुस्तकवाल्याच्या मागे मी हात धुवून लागले होते. पैसे दाखवले तर हसला. पण हसताना त्याची वरची कवळी सटकून खाली आली आणि मला वाट सापडली. कुणी केली होती ती कवळी कोण जाणे, दुसऱ्याच माणसाच्या मापाची वाटत होती. मऊ भाताशिवाय काही खाता येत नाही म्हणाला. मी त्याला आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी माप घेतलं आणि कवळी मी केली. समोरचा एक दात जरासा तिरका बसवला, पूर्वी त्याचा तसा होता म्हणून. परवा त्याने माझ्यासमोर सफरचंद खाल्लं, सालीसकट. मग दुकानाच्या मागच्या खोलीत गेला आणि अंक आणून माझ्या हातात ठेवला.

दुपारच्या सुट्टीत कामाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून मी तो वाचला. कवळ्यांच्या साच्यांच्या मधोमध. चौदाव्या पानावर थांबले. पुन्हा मागे जाऊन वाचलं. मग पुढे वाचून संपवला आणि लगेच पार्सलचा कागद शोधायला उठले.

काकू, हा अंक तुझा आहे. काय आहे ते मी सांगणार नाही. तुझ्या बस ड्रायव्हरसारखे तूही कानांवर हात ठेव. एवढंच सांगते की तिसरी कोण, यावर मी जन्मभर पैज लावत आले आणि मी सपशेल हरले. हरल्याचा असा आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.

शेवटचं पान अर्धं फाटलेलं आहे. म्हाताऱ्याकडे आलं तेव्हापासून तसंच होतं. चिकटवायला जाऊ नकोस. आणि कृपा करून इस्त्री करू नकोस.

खारूताई

२२ जून

खारूताई,

पार्सल सकाळी आलं. दुकान उघडं होतं, तरी मी उभ्या उभ्या वाचायला घेतलं. चौदाव्या पानावर आले आणि मग दुकानाचं दार आतून लावून घेतलं. बाहेर बस ड्रायव्हर गणवेशासाठी ताटकळत होता. त्याला आज सुरकुतलेल्या बाहीने बस चालवावी लागली.

दुसरा उल्काधर पडतो. शिष्या अजून लांब आहे. तुकडा त्याच्या हातातून सुटून यानाच्या लाकडी जमिनीवर पडतो आणि लाकूड धुमसायला लागतं. भट्टीवाली धावत येते. आणि ती आधी काय करते? आधी तो तुकडा उचलते. हात भाजतो तिचा, तरी उचलते, दगडी मुठीत बसवते आणि मग त्याच्या शेजारी बसून त्याचं डोकं मांडीवर घेते. तोवर तो गेलेला असतो.

पुढचं पान तर तू बघितलंसच. ती उठून उभी राहते. देणारा कुणी उरलेला नाही. तर ती मूठ स्वतःकडे वळवते, आणि त्याच्या वतीने आपणच डावा हात खांद्यावर ठेवते, आपणच एक पाऊल मागे सरते.

शिष्या पोचल्यावर विचारते, “तू त्याच्याकडे आधी का नाही बघितलंस?” भट्टीवाली म्हणते, “यान जळालं असतं. त्याला ते चाललं नसतं.”

खारूताई, त्या दिवशी शर्ट जळाला असता तर तुझ्या काकांना चाललं नसतं ग. हे मला माहीत होतं. पण मी कुणाला कधी बोलले नाही, कारण सांगायला शब्द नव्हते. त्या जाड बाईने एका वाक्यात सांगून टाकलं. खूप हलकं वाटतंय मला. तुझ्या आत्याला रविवारी बोलावलंय. हात धुवायला लावणार आणि चौदावं पान पुढ्यात ठेवणार. चहा मात्र ते वाचून झाल्यावरच.

काकांना हा अंक मिळाला नाही याचं वाईट वाटतं. पण मग वाटतं, त्यांना आधीच ठाऊक होतं. नाहीतर रोज दुपारी माझ्यासमोर एवढं नाटक कशाला केलं असतं?

अंक कपाटात चाळिसाव्या जागी ठेवलाय. तुझं आणि माझं भांडण मी असं मिटवलंय, पटतं का बघ. कपाट इथेच राहील, माझ्या डोक्याशी. माझ्यानंतर तुझं. शब्द माझाही आणि काकांचाही. तोवर तुला हवं तेव्हा पोटमाळा रिकामा आहे. शेंगा आणून ठेवल्या आहेत, टरफलं मात्र जिन्यावर टाकायची नाहीत.

फाटलेल्या पानावर शिष्येचे फक्त पाय उरलेत. ती पुढे काय करते ते कळत नाही. परत जाते की तिथेच थांबते? मला वाटतं, भट्टीवालीच्या हाताला आधी काहीतरी लावते आणि मग भट्टीशी उभी राहायला शिकते. तुझं काय मत आहे ते येऊन सांग.

दुपारी पोचशील अशी ये, माझ्या जेवायच्या वेळेला. इस्त्री तुझ्या हातात देईन. मूठ घट्ट धर, जड आहे.

आणि मी खांद्यावर हात ठेवला तर तेल आणायला धावू नकोस.

तुझी,
काकू